बुरशी वाढवायच्या प्लेटमध्ये बुरशीनाशक कशाला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी केलेली एक चूक आधी सांगते. आजचा सगळा लेख तिच्यातूनच निघाला आहे.

माझा विषय आल्याची कंदकुज. सातारा भागातल्या आल्याच्या शेतांतली माती आणायची आणि तिच्यातून पिथियम वेगळं करायचं, हे पहिलं काम. त्यासाठी ‘पार्प’ नावाचं माध्यम वापरतात. कॉर्नमील अगार, आणि त्यात चार औषधं : पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफाम्पिसिन आणि पीसीएनबी. चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पार्प’ हे नाव पडलं. मधली दोन जीवाणू मारण्यासाठी, एवढं कळलं. पण पहिलं आणि शेवटचं? दोन्ही चक्क बुरशीनाशकं. आणि मी तर बी.एस्सी.पासून ‘पिथियम ही जमिनीतून येणारी बुरशी’ असं पाठ केलेलं. बुरशी वाढवायची आणि तिच्याच ताटात बुरशीनाशक घालायचं? मला वाटलं, रेसिपी उतरवून घेताना कुणाची तरी गडबड झाली आहे. कुणाला न विचारता मी ती दोन औषधं गाळली.

चौथ्या दिवशी प्लेटा उघडल्या तर हिरवं ट्रायकोडर्मा, गुलाबीसर फ्युजॅरियम, आणि ऱ्हायझोपस तर झाकणाला जाऊन टेकलेलं. पिथियम कुठे दिसेना. तीन आठवडे गोळा केलेले मातीचे नमुने त्यात संपले. शेजारच्या टेबलावरची सीनियर आली, प्लेटांकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, पिथियम बुरशी नाहीये ना!”

गंमत म्हणजे हे मला माहीत होतं. नेटच्या अभ्यासात ‘ऊमायसीट्स कोणत्या गटात मोडतात’ या प्रश्नाला मी बरोबर पर्यायावर खूण करत होते. पण पर्यायावर खूण करणं वेगळं आणि ती गोष्ट हातात उतरणं वेगळं. माझ्या हाताला अजून ‘बुरशी’ हाच शब्द माहीत होता. मग मी शोधायला लागले की हा शब्द आला कुठून, आणि पिथियमला तो चिकटला कसा. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल तर वर्गीकरणाचे तक्ते तुमच्याकडे आहेतच. ते तक्ते कुठल्या भांडणांतून तयार झाले, ते इथे सांगते.

सुरुवात घरच्या शब्दांपासून करू. ‘कवक’ हा आपला पुस्तकी शब्द. तो शास्त्रासाठी नव्याने घडवलेला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे, तिच्यात लसूण-कांद्याबरोबर कवकही आहे. म्हणजे पावसाळ्यात उगवणारी अळंबी, भूछत्रं. लॅटिन ‘फंगस’चंही तसंच, मूळ अर्थ अळंबी. दोन्हीकडे डोळ्यांना दिसणाऱ्या, खाता येणाऱ्या (किंवा खाऊ नये अशा) एका वस्तूचं नाव पुढे ताणून ताणून पावावरच्या बुरशीपर्यंत, यीस्टपर्यंत आणि नखाच्या गजकर्णापर्यंत नेलं. शेतकऱ्यांचे शब्द मात्र वेगळ्या रीतीने बनले. तांबेरा, काणी, भुरी, करपा, केवडा, मर. यातला एकही शब्द ‘हे कोण आहे’ असं सांगत नाही. पिकावर काय दिसतं, तेवढंच सांगतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता युरोप. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’त एका लहान पुस्तकाच्या चामडी वेष्टनावर आलेल्या बुरशीचं चित्र छापलं. दांड्या, त्यांच्या टोकाला गोल गाठी. चित्र इतकं नेटकं आहे की आजही आपण ते म्यूकरसारखं काहीतरी आहे असं ओळखू शकतो. पण हूकला वाटलं की या गोष्टीला बी लागत नाही, कुजण्यातून ती आपोआप येते. साधारण दहा वर्षांनी डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक तळ्याच्या पाण्यात हलणारे जीव बघत होता. त्याने त्यांना डच भाषेत ‘लहानगे प्राणी’ म्हटलं. लंडनला त्याची पत्रं भाषांतरित करून छापताना हेन्री ओल्डेनबर्गने त्यासाठी ‘अ‍ॅनिमलक्यूल’ हा लॅटिन वळणाचा शब्द योजला आणि तोच रूढ झाला. हलतं म्हणजे प्राणी, हा हिशोब तिथून सुरू झाला. तो दोनशे वर्षं तरी सुटला नाही.

‘बुरशीला बी असतं’ हे दाखवणारा माणूस फ्लॉरेन्सचा पिएर अँटोनिओ मिकेली. १७२९ च्या त्याच्या ग्रंथात एक साधा प्रयोग आहे. ताज्या कापलेल्या खरबुजाच्या फोडींवर त्याने बुरशीची भुकटी ब्रशने लावली आणि जी लावली तीच उगवली. अस्परजिलस हे नावही त्याचंच. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखी ती दिसली म्हणून ते नाव. आपल्या लॅबमध्ये आजही आपण निराळं काय करतो? पण त्या काळात हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

लिनिअसचं बघा ना. सगळ्या सृष्टीला नावं देऊन खण पाडणारा हा माणूस. बुरशीला त्याने वनस्पतींच्या शेवटच्या, चोविसाव्या वर्गात टाकलं, जिथे फुलं न दिसणाऱ्या सगळ्यांची भरती होती. आणि १७६७ च्या आवृत्तीत प्राण्यांच्या बाजूला, कृमींमध्ये, एक प्रजाती केली. तिचं नाव ‘केऑस’. म्हणजे शब्दशः गोंधळ! त्यात अमिबासारखा एक जीव होता, शिवाय ‘केऑस फंगोरम’ आणि ‘केऑस उस्टिलॅगो’ अशाही दोन जाती होत्या. दुसरी म्हणजे आपली काणी. कारण त्या वेळी एकाने असा दावा केला होता की बुरशीचे बीजाणू पाण्यात टाकले की त्यातून बारीक किडे निघतात आणि त्यांच्यापासून पुन्हा बुरशी होते. म्हणजे अळंबी वनस्पतींच्या खणात आणि तिचे बीजाणू प्राण्यांच्या खणात. एकच जीव दोन्हीकडे. हसू नका. या मूर्खपणात एक खरी अडचण दडलेली होती. दोनच खण असतील तर पोहणारा बीजाणू ठेवायचा कुठे?

ही अडचण सगळ्यात महागात पडली ती १८४५ मध्ये.

त्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याची पानं काळी पडायला लागली. सप्टेंबरपर्यंत रोग आयर्लंडला पोचला. पुढच्या काही वर्षांत तिथे दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. याला रोगाइतकीच तिथली जमीनधारणा आणि सरकारची धोरणंही जबाबदार होती, तो भाग इतिहासवाल्यांकडे सोडते. आपला प्रश्न छोटा आहे. कुजलेल्या पानाखाली पांढरी लव सगळ्यांनाच दिसत होती. फ्रान्समध्ये माँतान्यने तिला त्याच वर्षी नावही दिलं, बोट्रायटिस इन्फेस्टन्स. तरी भांडण चालू राहिलं, कारण बुरशी हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या मनात ‘कुजण्याची खूण’ हाच अर्थ यायचा. पान सततच्या पावसाने सडलं, म्हणून बुरशी आली, असं जॉन लिंडलीसारख्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचंही मत होतं. उलट बाजूला माइल्स बर्कली नावाचा एक पाद्री उभा राहिला. १८४६ च्या निबंधात त्याने म्हटलं की बुरशी आधी आणि सडणं नंतर. त्याच्याकडे चित्रं होती, निरीक्षण होतं, पण निरोगी पानावर बीजाणू टाकून रोग पाडून दाखवल्याचा पक्का पुरावा नव्हता. खरं तर गव्हाच्या काणीबाबत असा पुरावा प्रेव्होने १८०७ मध्येच दिला होता. पण जुन्या समजुतीला एका प्रयोगाने धक्का बसत नाही, हे तुम्हाला पीएचडीत कळेलच.

बटाट्याचा पुरावा दिला तो जर्मनीत अँटोन डी बॅरीने, १८६१ मध्ये. तीसच वर्षांचा होता तेव्हा. त्याने करप्याचे बीजाणू पाण्याच्या थेंबात ठेवले आणि बघत बसला. बीजाणूच्या आतला भाग तुकड्यांत वाटला गेला, एकेक तुकडा बाहेर आला, दोन कशाभिका हलवत पोहायला लागला, थांबला, आणि अंकुर काढून पानात घुसला. १८७६ मध्ये त्याने या जीवाला नवं प्रजातिनाम दिलं, फायटोफ्थोरा. म्हणजे झाडांचा संहारक.

आता हे वाक्य परत वाचा : दोन कशाभिका हलवत पोहायला लागला. पाव, लोणचं, चपला यांवर दिसणारी कुठलीही बुरशी असं करत नाही. कायट्रिड नावाच्या बुरशी पोहतात, पण मागे असलेल्या एकाच कशाभिकेने. डी बॅरीच्या पिढीला हे खटकत होतं बरं का. प्रिंग्सहाइमने १८५० च्या दशकात याच कुळातल्या सॅप्रोलेग्नियाचं लैंगिक प्रजनन बघितलं आणि त्याला ते व्हॉचेरिया या शैवालासारखं वाटलं. व्हॉचेरिया तुम्ही प्रॅक्टिकलला काढलं असेल. डी बॅरीने मग या सगळ्या मंडळींसाठी ‘फायकोमायसीट्स’ हा गट केला. शैवालासारख्या बुरशी. शंका नोंदवली, पण आडनाव ‘बुरशी’च ठेवलं. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या जुन्या नोट्समध्ये हा गट अगदी अलीकडेपर्यंत होता. माझ्या बी.एस्सी.च्या वहीतही होता.

शिंक्याखाली तिसरं भांडं ठेवायची कल्पना त्याच सुमाराला निघाली. १८६० मध्ये जॉन हॉगने ‘प्रोटोक्टिस्टा’ सुचवलं आणि १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेलने ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी मांडली. ग्रीकमध्ये याचा अर्थ ‘सगळ्यांत पहिले’. आपण मराठीत ‘आदिजीव’, ‘प्रजीव’ म्हणतो, त्यांतही तोच अर्थ उतरला आहे. पण तो अर्थ एक दावा आहे, हे आपण विसरतो. आजचा अमिबा काही कुणाचा आजोबा नाही. आपण जितके आजचे तितकाच तोही. शिवाय हेकेलच्या पेटीत पहिल्यांदा काय काय होतं? जीवाणू होते, डायटम होते, स्लाइम मोल्ड होते, आणि चक्क स्पंज होते! बुरशी मात्र वनस्पतींतच राहिली. म्हणजे ज्यांना दोन्ही घरांनी नाकारलं ते प्रोटिस्टा. माझं स्पष्ट मत सांगते : प्रोटिस्टा ही कधीच ‘सृष्टी’ नव्हती, ती उरलेल्यांची यादी होती. आजही ‘प्रोटिस्ट’ हा शब्द आपण वापरतो, मीही वापरते, पण ‘भाजीपाला’ म्हणतो तसा. सोयीचा शब्द, वंशावळ नाही.

बुरशीला स्वतःची सृष्टी मिळाली ती ठळकपणे १९६९ मध्ये, व्हिटेकरच्या पंचसृष्टी पद्धतीत. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेली ती हीच. त्याचा निकष प्रामुख्याने पोषणाचा होता. वनस्पती प्रकाशावर अन्न बनवतात, प्राणी गिळतात, बुरशी शोषून घेते. किती छान, सुटसुटीत. आणि म्हणूनच शोषून घेणाऱ्या ऊमायसीट्सना त्याने बुरशीतच ठेवलं, एक वेगळी शाखा करून. स्लाइम मोल्डसुद्धा त्याच घरात गेले. निकष पोटापाण्याचा धरला की एकाच धंद्यातली माणसं भाऊ दिसतात.

तोपर्यंत उलटे पुरावे मात्र साचत चालले होते. ऊमायसीट्सच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकॅन, खऱ्या बुरशीत कायटिन. लायसिन हे अमिनो आम्ल बनवायचा मार्ग खऱ्या बुरशीचा एक, ऊमायसीट्सचा दुसरा, वनस्पतींसारखा. त्यांच्या तंतूंतली केंद्रकं द्विगुणित, हे १९६० च्या दशकात पुढे आलं. बहुतेक बुरशींचे तंतू तसे नसतात. आणि त्या दोन कशाभिका सारख्या नाहीतच. एक गुळगुळीत, दुसरीवर पोकळ केसांच्या रांगा. अगदी तपकिरी शैवालांच्या पोहणाऱ्या पेशींसारख्या. १९८७ मध्ये अ‍ॅक्लिया या ऊमायसीटच्या रायबोसोमल आरएनएचा क्रम वाचला गेला आणि तो ऑक्रोमोनास या सोनेरी शैवालाच्या जवळ जाऊन बसला. दोनच वर्षांनी पॅटरसनने या केसांवरूनच त्या मोठ्या कुळाला ‘स्ट्रॅमेनोपाइल’ म्हटलं, म्हणजे गवताच्या काडीसारखे केस असलेले. डायटम, समुद्रातले केल्प आणि बटाट्याचा करपा हे एका कुळातले. आणि १९९३ च्या सुमाराला दुसरीकडे दिसलं की खरी बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे. अळंबी तुमची-माझी लांबची चुलत बहीण आणि पिथियम तिचं कुणीच नाही.

माझ्या प्लेटचं उत्तर इथे आहे. पिमारिसिन पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरतं. खऱ्या बुरशीकडे ते असतं. पिथियम आणि फायटोफ्थोरा स्टेरॉल स्वतः बनवतच नाहीत, त्यामुळे औषधाला धरायला काही सापडत नाही. बुरशी मरते, पिथियम निवांत वाढतं. रेसिपी लिहिणाऱ्याने गडबड केली नव्हती. गडबड माझ्या शब्दात होती.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे योग्य नाव कळलं की योग्य औषध कळतं. थांबा, एक उलटी गोष्ट सांगते.

१९०९ मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागासला प्राण्यांच्या फुप्फुसात काही गोल पुटिका दिसल्या. तो तेव्हा ट्रिपॅनोसोमावर काम करत होता, त्यामुळे त्याला त्या ट्रिपॅनोसोमाचीच एक अवस्था वाटल्या. (ज्यावर पीएचडी चालू असते तेच सगळीकडे दिसतं, हा आजार जुना आहे.) १९१२ मध्ये पॅरिसच्या देलानोए दांपत्याने तो वेगळा जीव असल्याचं ओळखून त्याला न्यूमोसिस्टिस नाव दिलं. पुढे सत्तरेक वर्षं पाठ्यपुस्तकांत तो प्रोटोझोआ म्हणून राहिला. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना याच जीवाचा न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद. मग या जीवाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि १९८८ मध्ये रायबोसोमल आरएनएने सांगितलं की हा प्रोटोझोआ नाही, बुरशी आहे.

मग बुरशीची औषधं द्यायची? नाही लागू पडत. कारण हा बुरशी असूनही याच्या पटलात एर्गोस्टेरॉलऐवजी मुख्यतः कोलेस्टेरॉल असतं. आजही पहिला उपचार को-ट्रायमॉक्सॅझोलच, जो तो ‘प्रोटोझोआ’ असतानाही चालत होता. नाव बदललं, गोळी तीच राहिली. नावाने फक्त कूळ सांगितलं. औषध ज्याला धरतं तो रेणू त्या जीवात आहे की नाही, हे वेगळं बघावं लागतं. माझ्या आराखड्यात आता प्रत्येक औषधापुढे मी जीवाच्या गटाचं नाव लिहीत नाही, त्या रेणूचं नाव लिहिते.

आता शेतकऱ्यांच्या शब्दांकडे परत येते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, भुरी आणि डाउनी एकच का? तो तुम्हाला वेड्यात काढेल. भुरी पानावर पीठ भुरभुरल्यासारखी. डाउनी, म्हणजे केवडा, वरून तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी लव, पावसाळी हवेत. भुरी ही खरी बुरशी, केवडा ऊमायसीट. शास्त्राला वेगळं करायला शंभराहून जास्त वर्षं लागली ते बागेत नजरेनेच वेगळं होतं. बोर्डो मिश्रण ते वापरतात, त्याची कथाही केवड्याचीच. हा रोग १८७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतून फ्रान्सच्या बागांत आला. १८८२ मध्ये मेडॉकमध्ये मिलार्देला दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडला होता आणि नेमकी त्याच वेलींची पानं हिरवी होती. १८८५ मध्ये त्याने मिश्रण जाहीर केलं. तांबं बुरशी आणि ऊमायसीट दोघांवरही चालतं, त्यामुळे तेव्हा शब्दाच्या चुकीने कुणाचं बिघडलं नाही. बिघडायला लागलं ते नेमक्या एकाच जागी वार करणारी औषधं आल्यावर. हेक्झाकोनॅझोल एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, म्हणून ते भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. मेटॅलॅक्सिल १९७७ चं, ते ऊमायसीट्सवर चालतं, भुरीवर नाही. डब्यावर मात्र दोन्हीकडे एकच शब्द छापलेला असतो : बुरशीनाशक.

मागच्या पावसाळ्यात नमुने आणायला गेले होते, तेव्हा आल्याच्या एका शेतात काकांनी मला घरात नेऊन कोनाड्यातली औषधं दाखवली. एक कार्बेन्डाझिम, एक हेक्झाकोनॅझोल, आणि तळाला उरलेलं मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब. म्हणाले, “ताई, पहिल्या दोन्हींच्या दोन-दोन आळवण्या झाल्या, तरी गड्डे सडतातच. औषध डुप्लिकेट असावं.” मी सांगितलं की औषध खोटं नसेल, हा रोग त्या औषधाच्या जातीतला नाही. ते म्हणाले, “म्हणजे बुरशी नाही?” मी म्हटलं, “दिसते बुरशीसारखी.” यापुढे मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना. ‘ऊमायसीट’ म्हणून काय उपयोग? त्यांनी तिसरं पाकीट उचललं, उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, “मग नाव काहीही असू दे, हे लागू पडतं का, तेवढं सांगा. आणि मागच्या महिन्यात ट्रायकोडर्मा सोडलाय, तो यानं मरायचा नाही ना?”

मेटॅलॅक्सिलने ट्रायकोडर्माला फारसं काही होत नाही, कारण तो खरी बुरशी आहे. पण त्याच पाकिटातलं मॅन्कोझेब सगळ्यांनाच कमी-जास्त धरतं. मी त्यांना तेवढं सांगितलं, आळवणीनंतर थोडे दिवस सोडून ट्रायकोडर्मा परत द्या म्हटलं, आणि मातीची पिशवी बांधून निघाले.